वर्षाची पाठ

मदन महल भागातल्या जिममध्ये रोइंग मशीनवर बसलं की प्रत्येक ओढीचा आकडा समोर दिसतो. इथे कुणाला फसवता येत नाही. हँडलच्या रबराचा वास हाताला लागतो आणि मला माझ्या मैत्रिणीची, वर्षाची, पाठ आठवते.

कॉलेजात असताना बरगीच्या जलाशयावर आमची निवड चाचणी होती. माझी जागा पक्की होती. माझी जोडीदार वर्षा की दुसरी कुणी, एवढंच, प्रत्येकीबरोबर माझ्या नावेला किती वेळ लागतो ते मोजून, ठरायचं होतं. वर्षा माझ्याहून चांगली होती. ती संघात आली असती तर सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं असतं.

नावेत ती माझ्या पुढे बसली होती, पाठ माझ्याकडे करून. मी वल्ही नुसती पाण्यात बुडवत होते, ओढत नव्हते. ती एकटीच दोघींची नाव ओढत होती. तिचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, तिला धाप लागली होती, आणि मला ते बघताना मजा येत होती.

काठावर ती रडत म्हणाली, "सॉरी यार, माझ्यातच दम नाही. तू तर किती जोर लावून राहिली होती!"

मी तिला पाणी दिलं, त्याच पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्या मनाने तिला माफ केलं.