एकाला एकच आई

हळद शिजवल्याचा वास आला की मला डोंगरकडा या आमच्या गावच्या शेतातली ती दुपार आठवते. तेव्हा मी विद्यापीठात एका भाषेवर काम करत होतो. वेबवरची माहिती संगणकानं नुसती दाखवू नये, कोण कुणाचं काय लागतं हे त्यानं स्वतः ताडावं, यासाठी नियम लिहायची ती भाषा. सुट्टीत लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि चाचणीला आपलंच घर घेतलं. नियम लिहिला: एका माणसाला एकच आई. मग माझी माहिती भरताना सवयीनं आई म्हणून दोन नावं घातली, जन्म देणारीचं आणि मोठ्या चुलतीचं, म्हणजे मोठ्या आईचं, कारण आम्ही पोरं दोघींनाही आईच म्हणायचो. त्या दिवशी दोघी कढईपाशी एकमेकींकडं पाठ करून बसल्या होत्या. पहिल्या कढईतली हळद पुरी शिजली की नाही यावरून सकाळपासून अबोला. मला वाटलं, संगणक माझी चूक दाखवेल. त्यानं उलट निकालच देऊन टाकला: आई एकच असते, तेव्हा ही एकाच बाईची दोन नावं. मी हसत सुटलो. "काहून हसून राहिला रे?" आईनं विचारलं. मी सांगितलं. मोठी आई वाफेतूनच म्हणाली, "आमी एकच हाव, तं मंग सकाळी भांडलं कोन?" आई फसकन हसली, मग दोघी तोंडाला पदर लावून हसतच राहिल्या, आणि तेवढ्यात हळद खरंच जास्त शिजली. त्या भाषेचे नियम पुढं कितीदा बदलले, पण घराची ती फाईल मी दुरुस्त केलेली नाही. तिच्यात दोघी अजून एकच आहेत.