आमच्या पंपाचं बेअरिंग आणि डेथ मेटल

आमच्या घरात एक नियम होता: मुलीचा आवाज कुंपणाबाहेर जाता कामा नये. का, ते विचारायचं नाही. सातवीत असताना मी एकदा विचारलं होतं. तेव्हा मोठे काका एवढ्या जोरात ओरडले की आशागडच्या बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. त्यांचा आवाज कुंपणाबाहेर गेलेला चालतो!

न सांगितलेले किस्से आढीत घातलेल्या चिकूंसारखे असतात. एक काढायला जावं, तर शेजारचे चारही मऊ झालेले. माझे चार वर्षं आढीत होते. आता लपवायचं काही उरलेलं नाही, म्हणून सांगते. हुश्श!

*

२०१४ साली मी डहाणूच्या कॉलेजात एफवायला होते. गॅदरिंगमध्ये भावगीत म्हणण्यासाठी माझं नाव लागलं. काका कॉलेजात गेले आणि नाव काढून आले. म्हणाले, "लाउडस्पीकर पार रस्त्यापर्यंत ऐकू जातो." बाबा त्यांच्या शेजारी उभे राहून स्वतःच्या चपला बघत होते.

माझ्या वर्गात अनिकेत होता. गिटार वाजवायचा, केस वाढवायचा आणि प्रॅक्टिकलला नापास व्हायचा. त्याने मला रडताना बघितलं. समजूत वगैरे काही घातली नाही, खिशातून एक मेमरी कार्ड काढून दिलं. म्हणाला, "पल्लवी, भावगीत सोड. हे ऐक."

घरी जाऊन पांघरुणात ऐकलं. कोणीतरी माणूस पोटाच्या तळातून गुरगुरत होता. शब्द एक कळेना, पण राग मात्र अक्षर न् अक्षर कळला. दुसऱ्या दिवशी मी अनिकेतला विचारलं, "ह्याला काय म्हणतात?"

"डेथ मेटल."

"मुलींना जमतं?"

"मलाच जमत नाही," तो म्हणाला. "तू बघ."

*

आता सराव कुठे करायचा? घरात शक्य नव्हतं. वाडीच्या टोकाला विहीर, तिच्यावर पंपघर. मोटर चालू असली की तिथे शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून मोटर सुरू झाली की मी पुस्तक घेऊन तिथे जायची. घरी वाटायचं, पोरगी अभ्यासाला शांत जागा शोधते. मोटरशेजारी शांत जागा! पण मोठ्यांना प्रश्न विचारायचे नसतात, तसे त्यांना पडतही नाहीत.

महिनाभरात काकांनी जाहीर केलं, "पंपाचं बेअरिंग गेलंय. घुर्रघुर्र आवाज येतो."

तलासरीहून संतोष आला. मोटर दुरुस्तीत त्या भागात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने पंप उघडला, पुसला, ग्रीस भरलं. "चांगला आहे, काका." आठवड्याने पुन्हा बोलावणं. पुन्हा पंप उघडला. "काका, बेअरिंग नव्यासारखं आहे हो!" काका म्हणाले, "मला कान आहेत."

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी रंगात होते. डोळे मिटून, पोट आवळून, जीव तोडून चालू होतं. डोळे उघडले तर दारात संतोष, हातात पाना.

माझं पाणी पाणी झालं. म्हटलं, "अहो, ते... बेअरिंग..."

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "दहा मिनिटं झाली लाइट जाऊन."

मी मोटरकडे बघितलं. मोटर गप्प होती.

मला वाटलं, आता संपलं. आता काका येणार, आणि ह्या वाडीत माझा आवाज शेवटचा ऐकू आला म्हणायचा. संतोषने पाना पिशवीत टाकला आणि ओट्यावर जाऊन काकांना सांगितलं, "जुनं बेअरिंग आहे, काका. आवाज करेल, पण दगा द्यायचं नाही. आता हात नका लावू त्याला."

त्या दिवशी मी दोन ताटं जेवले!

*

संतोष लग्नात ढोल वाजवायचा. भंगारातल्या लोखंडाचं त्याने ड्रमचं डबल पेडल बनवलं आणि आमच्यात आला. चौथा जिग्नेश. गुजरातच्या हद्दीवरच्या वेवजीचा, घरात गुजराती, तलासरीत हायवेला मोबाइल रिचार्जचं दुकान. तो बेस वाजवायचा. चार माणसं आणि चार धर्म! मी डेथ मेटल, जिग्नेश ब्लॅक, अनिकेत प्रोग्रेसिव्ह. संतोषला आधी काहीच माहीत नव्हतं. त्याने आठवडाभर सगळे प्रकार ऐकले आणि दुकानात बसून निकाल दिला.

"सोपं आहे. बेअरिंग गेलं की डेथ. पट्टा घसरून किंचाळला की ब्लॅक. व्होल्टेज कमी झालं की डूम. आणि थ्री फेज फुल आली की थ्रॅश."

आणि हे बरोबर होतं!

जिग्नेश सगळ्यात आधी भानावर आला. "अरे यार, एम ना चाले! ब्लॅक मेटल म्हणजे आत्म्याचा अंधार आहे! घसरलेला पट्टा काय?"

"आणि प्रोग्रेसिव्ह?" अनिकेतने घाबरत विचारलं.

संतोष विचारात पडला. "ती मोटर चांगली असते. पण मालक सारखा स्टार्टर चालू-बंद करत बसतो."

*

अनिकेतचा प्रोग्रेसिव्हवर फार जीव. त्यातलं एकेक गाणं म्हणजे दळण. एकदा आम्ही डहाणूहून तलासरीच्या एसटीत बसलो. इयरफोनचं एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या. गाणं आशागडच्या आधी सुरू झालं. घाट, पूल, दोन शाळा, एक बाजार गेला. मी विचारलं, "गायक कधी येतो?"

"शू! इंट्रो चालू आहे."

कंडक्टर आमच्याकडे बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून त्याने माझं बोंड मागून घेतलं आणि कानात घातलं. दोन थांबे ऐकलं. मान वाकडी करून, डोळे बारीक करून, मन लावून ऐकलं. अनिकेतचा चेहरा फुलला. एक तरी जाणकार भेटला!

कंडक्टरने बोंड परत दिलं. "बिघडलंय, की असंच आहे? तेवढं सांगा."

*

जिग्नेशचं दुःख वेगळं. ब्लॅक मेटलला बर्फ लागतो. बर्फात उभं राहून, तोंडाला पांढरा-काळा रंग फासून फोटो काढल्याशिवाय त्या पंथात तुम्हाला कोणी विचारत नाही. आणि हा राहणार वेवजीत, महिना मे!

पण डहाणूत बर्फ आहे. खाडीजवळ कारखाना आहे, मासेमारीच्या बोटी तिथून बर्फ भरतात. जिग्नेशने टाल्कम पावडर आणि बायकोचं काजळ थापलं, अंगावर काळा रेनकोट चढवला आणि लाद्यांच्या ढिगासमोर जाऊन उभा राहिला. चेहरा असा, की जणू सगळ्या सृष्टीचा त्याला वीट आलाय. अनिकेत फोटो काढत होता. घाम आणि काजळ एकत्र होऊन ओघळत होतं. खरं सांगते, भीषण दिसत होता. आम्ही भारावून गेलो होतो.

मागून एक मावशी पाटी घेऊन आल्या. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण मेलं काय रे तुझं?"

जिग्नेश खर्जात म्हणाला, "सगळं जग."

"बरं," मावशी म्हणाल्या. "मग आता बाजूला हो, माझं पापलेट मरतंय!"

*

२०१६ मध्ये आमच्यात फूट पडली. कारण: ज्यात कीबोर्ड वाजतो ते मेटल असतं का? अनिकेत म्हणाला, असतं. जिग्नेश म्हणाला, ते ऑर्केस्ट्रा असतं. मी म्हणाले, दोघांचंही चुकतंय. संतोष म्हणाला, मला एका जळलेल्या मोटरचं वाइंडिंग भरायचं आहे, मी जातो.

जिग्नेशने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडून नवीन काढला: 'खरं मेटल'. मग अनिकेतने काढला: 'खरं मेटल ओरिजिनल'. दोघांनीही मला आणि संतोषला घेतलं. आम्ही दोघं दोन्हींतून बाहेर पडलो. मग दीड महिना दोन ग्रुप आणि प्रत्येकात एकेक अ‍ॅडमिन. सराव बंद, बोलणं बंद. मी पंपघरात एकटीच, नुसती पुस्तक धरून. काका खूश, बेअरिंग सुधारलंय म्हणाले. मी खरोखर घाबरले होते. हे तिघं गेले तर मी कुंपणाच्या आतच राहणार होते, जन्मभर.

एके दिवशी जिग्नेशच्या दुकानात मोबाइल रिचार्ज करायला गेले. त्याचा फोन काउंटरवर उघडा होता. 'खरं मेटल', सदस्य एक. आणि त्या ग्रुपमध्ये ह्या अंधाराच्या पुजाऱ्याने रोज सकाळी, न चुकता, गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकला होता: 'गुड मॉर्निंग'.

मी तो फोन तसाच अनिकेतपुढे नेऊन धरला. त्याने एकेक गुलाब सरकवत पहिल्यापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "कीबोर्ड राहू दे बाजूला."

*

आमच्या आत्याचं मत पण सांगून टाकते. तिने फक्त डूम ऐकलंय, ते संथ, कण्हत चालणारं. मी फोन स्वयंपाकघरात विसरले होते आणि गाणं चालू राहिलं होतं. तिने पूर्ण ऐकलं. मग मला बोलावून काळजीने म्हणाली, "अगं, ह्याला कोणीतरी आधी जेवायला घाला."

*

२०१८ च्या हिवाळ्यात तलासरीतला लग्नाचा हॉल एका रविवारी रिकामा मिळाला. आमचा पहिला आणि आजवरचा एकमेव कार्यक्रम! घरी सांगितलं, स्पर्धा परीक्षेच्या क्लासची टेस्ट आहे. साउंडवाल्याने स्पीकर लावले. ते माझ्याहून उंच होते. हा आवाज रस्त्यापर्यंत जाणार होता. हायवेपर्यंत जाणार होता!

ऐकायला साठेक माणसं. अनिकेतचे मित्र, संतोषची बायको आणि मेहुण्या, आणि वेवजीहून टेम्पो भरून आलेलं जिग्नेशचं सगळं घर. आधी जिग्नेशच्या आग्रहाने ब्लॅक मेटल झालं. लोक आदराने बसून राहिले, मयताला बसतात तसे. मग थ्रॅश सुरू केलं. अनिकेत माइकवर ओरडला, "सर्कल पिट! मध्ये गोल करा! गोल फिरा! एकमेकांना धडका!"

वेवजीच्या बायका उठल्या. गोल केला. फिरायलाही लागल्या. पण धडकायचं कोणी नाव घेईना. दोन पावलं पुढे, एक मागे, टाळी, गिरकी! दोन मिनिटांत सगळा हॉल त्या गोलात. अनिकेतचे लांब केसांचे मित्रसुद्धा टाळ्या देत गरबा खेळत होते, आणि एकाचंही पाऊल चुकत नव्हतं. संतोष घामाने निथळत डबल पेडल हाणत होता आणि मी, केस तोंडावर सोडून, जन्मात पहिल्यांदा कुंपणाबाहेर गुरगुरत होते.

गाणं संपलं. जिग्नेशची काकी धापा टाकत स्टेजजवळ आली. कोणतं मेटल खरं, हा आमचा तीन वर्षांचा वाद तिने एका वाक्यात मिटवला. "बेटा, आ पाछुं वगाड, परत वाजव. पण ते आधीचं रडण्याचं नको हां!"

*

कोणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत आमच्या घराच्या ग्रुपवर आला. केसांमुळे तोंड दिसत नव्हतं. आत्या म्हणाली, "काय मुलगा आहे! गळ्याचं वाटोळं केलंय." मी भात कालवत राहिले. वाचले, असं वाटलं. पण वापीला आत्याची नणंद राहते. तिने व्हिडिओ थांबवून, मोठा करून मागचा बॅनर वाचला. गायन, आणि पुढे माझं पूर्ण नाव, गावासकट.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ओट्यावर बैठक बसली. काका, आत्या, बाबा आणि समोर मी. लाइट गेलेली, पंखा बंद, सगळे वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते.

काकांनी तोडगा आधीच काढून ठेवला होता. "सोपं आहे. ग्रुपवर लिही, गाणारा दुसरा मुलगा होता. नाव चुकून छापलं. तू फक्त सूत्रसंचालन केलंस."

"मीच गायले."

"बाईच्या गळ्यातून असा आवाज निघतच नाही!" काका म्हणाले. "माझे कान आहेत ना शाबूत? कोणाला पटणार आहे?"

आत्या म्हणाली, "लिहून टाक गं. तुझं काय जातंय? आवाज तुझा नाही, एवढंच तर लिहायचंय."

मी बाबांकडे बघितलं. ते चपलांकडे बघत होते. चार वर्षांपूर्वीच्याच चपला असाव्यात.

मग काकांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. ग्रुप उघडलेला होता. "लिही. आवाज माझा नाही. मोठ्यांनी सांगितलं की उलट विचारायचं नसतं."

मी फोन ओट्यावर ठेवला. पाय रोवले, पोट आवळलं आणि विहिरीवर चार वर्षं जिथून काढत होते तिथून, तळातून काढलं.

"नाही."

वारा घेणारे पुठ्ठे थांबले. आत्याचा हात तोंडावर गेला. बाबांनी मान वर केली.

काकांची मान मात्र आपोआप पंपघराकडे वळली. मग त्यांनी बंद पंख्याकडे बघितलं. पुन्हा पंपघराकडे. मग माझ्याकडे.