पाचवं लक्षण

मी मुळात भित्री. कुकरची शिट्टी अडकली की मी हॉलमध्ये जाऊन उभी राहते आणि सासूबाई ओट्याशी जाऊन गॅस बंद करतात. अशा बाईला लोकांना घाबरवण्याचं काम मिळावं, याचं मला सुरुवातीला हसूच यायचं.

काम घरबसल्या होतं. ऑफिस ठाण्याला, कोलशेतच्या बाजूला, पण तिथे मी एकूण दोनदा गेले असेन. एखाद्या दुकानदाराची वेबसाइट असते आणि तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मग त्याच्या मालाच्या आसपासचे लेख लिहायचे, ते वेगवेगळ्या साइटवर टाकायचे आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी निळ्या अक्षरांत त्या दुकानाची लिंक द्यायची. माणसं लेख वाचायला येतात आणि दुकानात पोचतात. आमच्या मॅडम याला ट्रॅफिक म्हणायच्या. मी एक लेख लिहायचा, मग आम्ही चौघी जणी मिळून तो फिरवायचो. फिरवायचा म्हणजे मजकूर तोच ठेवून शब्द बदलायचे. एकाचे आठ लेख व्हायचे आणि आठ ठिकाणी जायचे.

हवा शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका दुकानाचं काम आलं, तेव्हा मॅडमनी फोनवर सांगितलं, "तुम्ही डोंबिवलीच्याच ना? मग तुमच्याकडच्या कंपन्यांच्या वासावर लिहा. वरती भीती टाका, खाली उपाय. आणि लक्षणं पाचच हवीत हं, पाचवर लोक क्लिक करतात."

वासाचं मला कुणी शिकवायला नको. आमची बिल्डिंग रसायनांच्या कंपन्यांपासून चालत दहा मिनिटांवर. वास आला की खिडक्या लावायच्या, गेला की उघडायच्या, एवढं इथलं पोरही जाणतं. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं जड होणं, मळमळ, अशी चार लक्षणं मी झटक्यात लिहिली. पाचवं काही सुचेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं, ताक पितळेच्या गंजात कुणी ठेवलं? कल्हई गेलीय त्याची. कळकलं सगळं!"

ठेवलं मीच होतं. मी तिथून उठले नाही. बसल्या जागी टाइप केलं, 'जिभेवर ताक कळकल्यासारखी चव येणे. हे सर्वांत धोक्याचं लक्षण असून अशा वेळी तात्काळ घराबाहेर पडावं.' मग आत जाऊन सासूबाईंची बोलणी खाल्ली. लेख आवडला म्हणून मॅडमनी अंगठा पाठवला आणि मी तो लेख विसरले. त्यानंतर मी डासांच्या जाळ्यांवर लिहिलं, टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅट्सवर लिहिलं, केस गळण्यावर तर किती लिहिलं त्याला गणतीच नाही.

तीन-चार महिन्यांनी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत नवीन गोळा बसवला. त्यांचं हृदय आधीच अशक्त, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. घरी सोडताना त्यांनी मला बजावलं, "जिने नाहीत, खाली बसणं नाही, आणि अंगाला पीळ द्यायचा नाही. गोळा सरकला तर पुन्हा भूल द्यावी लागेल. ती मला द्यायची नाहीये." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. सासूबाई कूस बदलायला लागल्या की मी धावत जायचे. त्या म्हणायच्या, "मी मेले नाही गं अजून, बस जरा."

बाराव्या दिवशी दुपारी त्यांना जेवायला वाढत होते. फोन सारखा वाजायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज चार जणांनी टाकला होता. 'अतिमहत्त्वाचे. कंपनीत गॅस लीक. डोळे जळजळत असतील, तोंडात पितळेसारखी चव येत असेल तर तो गॅस विषारी आहे. ताबडतोब घर सोडा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी.'

मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. खिडकी उघडी होती आणि वास होताच. रोजचाच असेल, पण त्या क्षणी मला रोजचा वास कसा असतो तेच आठवेना. मी ओठांवरून जीभ फिरवली, तर तोंडात पितळेची चव! अगदी स्पष्ट, दाढेच्या मागे.

जिन्यातून पळापळ ऐकू येत होती. नवरा ऑफिसात, त्याचा फोन लागेना. दार उघडून पाहिलं तर लिफ्ट खच्चून भरून खाली चाललेली. मी बटण दाबत राहिले. ती पुन्हा वर आलीच नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. एकीकडे डॉक्टरांचं वाक्य आणि दुसरीकडे माझ्याच तोंडातली ती चव. मी दारात उभी राहून रडायला लागले.

वॉकर धरून सासूबाई स्वतःच बाहेर आल्या. म्हणाल्या, "रडू नकोस. मला धर. एकेक पायरी उतरू."

उतरलो. त्यांचा डावा हात कठड्यावर, उजवा माझ्या खांद्यावर. खालच्या मजल्यावरचे काका उलटे उतरत पुढे चालले होते, तोल गेला तर धरता यावं म्हणून. दर पायरीला मी मनात म्हणत होते, सरकू नको, सरकू नको. तिसरा मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर सासूबाई दम खायला थांबल्या, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाल्या, "खरंच गं, चव येतेय. अगदी ताक कळकल्यासारखी."

मला आधी तो गंज आठवला. मग ओट्याशी उभ्या असलेल्या त्या, खुर्चीत बसलेली मी, आणि मी टाइप केलेलं वाक्य. कळकलेल्या ताकाची पितळेची चव आमच्या चौघींपैकीच कुणीतरी केली असणार. शब्द फिरवायचे, हेच तर आमचं काम. त्या लेखाचाच कुणीतरी मेसेज केला होता, म्हणजे तो माझाच होता. गॅस नव्हताच. असं काही लक्षणही नव्हतं. मी ते ताकाच्या भांड्यातून काढलं होतं.

सासूबाईंनी पुढच्या पायरीवर पाय टाकला आणि मी किंचाळले, "आई, थांबा!"

त्या दचकून माझ्याकडे वळल्या. नको तिथे नको तसा पीळ बसला. आतून बारीकसा आवाज आला, तो मला अजून ऐकू येतो. काकांनी त्यांना धरलं म्हणून त्या गडगडल्या नाहीत.

खाली मैदानात सगळी बिल्डिंग उभी होती. वॉचमन आणि काकांनी मिळून सासूबाईंना खुर्चीतून खाली आणलं, तोवर लोक एकमेकांना सांगायला लागले होते की काही झालेलं नाही, अफवा होती. कुणीतरी हसत म्हणालं, "चला, व्यायाम झाला." मी रिक्षा शोधायला धावले.

हॉस्पिटलात एक्स-रे झाला. गोळा सरकला होता. सासूबाईंना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. नवरा कल्याणहून निघाला होता. तो काय विचारेल आणि मी काय सांगेन, हे मी मनात चार वेळा जुळवलं. चारही वेळा खोटंच सांगत होते. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्या भलत्याच खुशीत होत्या. "अहो, तुमचा तो डोंबिवलीचा लेख! आज तुफान ट्रॅफिक आहे. क्लायंट म्हणतो, कल्याणसाठी, ठाण्यासाठी असेच द्या."

मी म्हटलं, "मॅडम, तो लेख काढून टाका."

"काढू कसा? तो आठ ठिकाणी आहे, तिथून लोकांनी कुठे कुठे नेलाय. आपल्या हातात आहे का आता? तुम्ही ठीक आहात ना?"

मी फोन ठेवला. समोरच्या बंद दाराआड सासूबाईंना भूल दिलेली होती.

त्या वाचल्या. गोळा परत जागेवर बसवला, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. वॉकर आता कायमचा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "सून होती म्हणून. मला ओढत खाली आणलं हिनं." मी चहा करायच्या निमित्ताने आत जायचे. नवऱ्याला मी काही बोलले नव्हते. काम सोडलं, एवढंच त्याला माहीत होतं.

महिनाभर असं चाललं. मग एका दुपारी त्या खिडकीशी बसल्या असताना मी सगळं सांगितलं. लेख, पाचवं लक्षण, कल्हई गेलेला गंज, सगळं. असं कुठलं लक्षणच नसतं, ते मी तुमच्या बोलण्यावरून रचलं, हेही सांगितलं. त्या ओरडतील, निदान रडतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पदराने ओठ पुसले. मग म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस, उगाच चिडेल. पण मला एक सांग. तू रचलंस म्हणतेस, मग मला रोज दुपारी तशी चव येते, ती कसली गं?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांनी वॉकर हाताशी ओढून दाराच्या दिशेने फिरवून ठेवला होता. चपलाही पायात होत्या.

मी खिडकी लावली. त्यांना पाणी दिलं. त्यांनी अर्धा ग्लास पिऊन परत दिला, उरलेलं पाणी मी प्यायले. चव गेली नाही.