सुतळीची गाठ

मानेच्या मणक्यांमधली गादी झिजली आणि माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. गंगापूर रोडला फिजिओथेरपीसाठी जायचे, तेव्हा शेजारच्या खाटेवर पिंपळगावहून आलेल्या एक बाई असायच्या. त्यांचंही दुखणं हेच. द्राक्षबागेत मान वर करून, हात उंचावून काम करण्यात आयुष्य गेलेलं. मानेला ताण द्यायला हनुवटीखाली पट्टा बांधला, तरी त्यांचं बोलणं थांबत नसे.

एकदा माझा पट्टा काढताना केस सुटले. डाव्या हाताने आवरता आवरेनात. मला रडूच फुटलं.

"खाली बसा," त्या म्हणाल्या. "माझाबी हात वर जात नाय. तुमचं डोकं खाली येऊ द्या."

मी फरशीवर बसले आणि त्यांनी खाटेवरूनच सावकाश माझी वेणी घातली.

"मग तुमची कोण घालतं?"

त्या पदराआड हसल्या. "आमचे मालक. आधी लय लाजायचे. मी म्हनलं, द्राक्षाची काडी तारेला बांधता, तशीच बांधा की!"

त्यांनी पाठ वळवली. वेणीच्या टोकाला खरोखरच सुतळीची गाठ होती.

घरी आल्यावर मी कंगवा ह्यांच्या हातात दिला आणि खाली बसले.

हात अजून दुखतोच. त्या बाईंचे उपचार लवकरच संपले आणि नाव विचारायचं राहिलं, नाहीतर पिंपळगावला जाऊन सांगितलं असतं, की आता रोज सकाळी हे विचारतात, "केस ओढले जात नाहीत ना?"

जातात. मी नाही म्हणते.