तुळसाचं तिखलं

मिऱ्या गावच्या गुणवंतीला जुन्या पाककृतींच्या पुस्तकांचं भारी वेड. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण सकाळची मासळी विकून झाली की तिचे पाय रद्दीच्या दुकानाकडे वळायचे. अशी नऊ पुस्तकं तिनं जमवली. त्यांत घारगे होते, फणसाची भाजी होती. कोळणीच्या चुलीवरचं असं एकच सापडलं, सुक्या बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण. तीन पुस्तकांत तेच, शब्दाला शब्द. एकीचं दुसरीनं उतरवलेलं. सर्वांत जुन्या पुस्तकाला साठ वर्षं झालेली. त्यात खाली बारीक अक्षरांत होतं, 'आमच्या मासळीवालीने सांगितलेली कृती.' पुढच्या दोघींनी ती ओळही गाळली.

ती मासळीवाली म्हणजे गुणवंतीची आई, तुळसा. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या मागीलदारी तिनं जन्मभर टोपली उतरवली होती.

वाचनालयातली अक्षया जुन्या कृतींचं नवं पुस्तक काढत होती. ती म्हणाली, "मावशी, आता तुळसाबाईंचं नाव छापू. फक्त एकदा पुस्तकाबरहुकूम करून आणा."

गुणवंतीनं केलं. पुस्तकात बांगडे गरम पाण्यात भिजवायला सांगितले होते. आई ते आधी निखाऱ्यावर भाजायची, मग तांदळाच्या धुवणात ठेवायची. त्यानं खारटपणा उतरतो, वास मरतो. आई विसरणाऱ्यातली नव्हती. ज्या घरानं तिला कधी उंबरा ओलांडू दिला नाही, त्या घरापासून तिनं एवढंच राखून ठेवलं होतं.

अक्षयानं घास घेतला नि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"तीन बायांनी छापलं," गुणवंती म्हणाली. "एकीनं तरी शिजवून बघितलं असेल काय गो?"

अक्षया हसली. "यात काहीतरी राहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे."

"हाय ठाऊक."

"मग सांगा ना. असलं बिघडलेलं तुळसाबाईंच्या नावावर कसं छापू? तुमच्यामागं हे कोणाला येतं?"

गुणवंतीचा मुलगा रूपेश बोटीवर. सून सुक्या मासळीचं नाव काढलं की नाक धरते.

गुणवंती म्हणाली, "नाव नको घालू, बाय. कृती त्या पुस्तकवाल्या बाईंची, ती आहे तशीच राहू दे."

अक्षयानं वहीतल्या तुळसाच्या नावावर रेघ मारली. गुणवंती त्या रेघेकडे बघत राहिली. निखाऱ्याचं, धुवणाचं सांगायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि परत मिटलं.