सरावाची पापं

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं तिला टीचर म्हणायची आणि त्यांचे आईबाप तिच्या माघारी तिला 'छडी' म्हणायचे. हातात छडी तिने कधीच धरली नव्हती. तोंडात जीभ असताना छडी हवी कशाला? एकोणीस वर्षं ती चर्चमागच्या खोलीत आठ-नऊ वर्षांच्या पोरांना पहिल्या पापनिवेदनाला आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाला तयार करत आली होती. तिच्या हाताखालून गेलेलं एखादं मूल वेदीपुढे अडखळलंय, असं कुणी दाखवून द्यावं!

पापनिवेदनाची तालीम तर तिचा हातखंडा. फळ्याच्या स्टँडवर खिडकीचा जुना हिरवा पडदा टाकायचा, पलीकडे आपण फादरांच्या जागी खुर्चीत बसायचं आणि अलीकडे एकेका मुलाने गुडघे टेकायचे. खरी पापं फादरांसाठी राखून ठेवायची, तालमीला टीचरने दिलेली सरावाची पापं सांगायची. जेवणावरून कटकट केली, भावंडाला चिमटा काढला, प्रार्थनेत डुलकी घेतली. बहुतेक पोरं ती पाढे म्हटल्यासारखी म्हणून मोकळी व्हायची. मागच्या आठवड्यात एकाने हौसेने बँक लुटली होती, तेव्हा टीचरलाही हसू आवरलं नव्हतं. "आणि पडद्याआड बोललेलं या कानाचं त्या कानाला कळत नाही," हे मात्र ती दरवर्षी बजावायची.

त्या बुधवारी रांगेत शेवटी उरली तिची स्वतःचीच धाकटी लेक. बाकीची पोरं बाहेर धुडगूस घालत होती. आवाज घरचा असला तरी तालीम ती तालीम. टीचरने डोळे मिटून घेतले आणि ती म्हणाली, "बोल बाळ."

"मी सरावाचं नाही सांगणार. खरं सांगून बघणार आहे, म्हणजे फादरांपुढे अडणार नाही. इथलं कुणाला कळत नाही ना?"

"नाही," टीचर सवयीने म्हणाली.

"मी ताईचा पांढरा झगा जाळला."

टीचरचे डोळे खाडकन उघडले.

तो झगा म्हणजे तिच्या काळजाचा तुकडा. तिच्या आईने पहिल्या ख्रिस्तप्रसादाला घातलेला, मग तिने घातलेला. दोन वर्षांपूर्वी थोरलीचा नंबर आला तेव्हा तिने तो मापात बसवायला वरच्या मजल्यावर दिला, जाऊबाईंकडे. त्या शिवणकाम करायच्या. समारंभाच्या आदल्या दिवशी झगा परत आला तो छातीवर इस्त्रीचा तपकिरी डाग घेऊन. जाऊबाईंना तो आपल्या लेकीसाठीही हवा होता आणि टीचरने नकार दिला होता. झालं! टीचरने सुतावरून स्वर्ग गाठला. जिन्यात उभी राहून, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली होती, "आमचं चांगलं बघवत नाही, म्हणून मुद्दाम जाळलात!" जाऊबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या घरात जळला. चूक माझी." तेव्हापासून दोघी एकाच जिन्याने चढत-उतरत होत्या, पण एकमेकींशी एक शब्द नाही.

"मला इस्त्री करून आईला खूश करायचं होतं," पडद्यामागून येतच राहिलं. "मोठी काकू दार उघडायला गेली होती. मी खूप रडले. काकू म्हणाली, गप, तू काही केलं नाहीस, मी केलंय. आईला सांगू नकोस. मग आई काकूला ओरडली ना, तेव्हा मी पलंगाखाली होते."

पुढे फादरांचं वाक्य काय असतं, तेच टीचरला आठवेना. एकोणीस वर्षं घोकून घेतलेलं वाक्य!

"कुणाला... कुणाला का नाही सांगितलंस?"

"आईची भीती वाटते."

"आणि देवाची?"

"देव ओरडत नाही."

तिचा हात पडद्याकडे गेला होता. ओढून पोरीला समोर घ्यावी, कुशीत घ्यावी की गदागदा हलवावी, तिचं तिला कळेना. पण शब्द दिला होता. तिने हात मागे घेतला. "शांतीने जा, बाळ," ती कशीबशी म्हणाली आणि रिकाम्या खोलीत तशीच बसून राहिली. आपलं लेकरू आपल्याशी पडद्याआडूनच खरं बोलू शकतं, हे तिला गिळवत नव्हतं.

जाताना तिने फादरांना गाठलं. "तालमीत एखाद्याने खरंच पाप सांगितलं, तर ते बाहेर बोललं तर चालतं का? तो काही साक्रामेंत नव्हे, चर्चचा खरा संस्कार नव्हे. सरावच."

फादरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सराव तुमचा होता. त्या मुलाचाही होता का?"

तिने तडक घर गाठलं. स्वतःच्या दाराशी न थांबता ती तशीच वर गेली.

जाऊबाई मशीनवर होत्या. टीचर उंबऱ्यातच म्हणाली, "माझं चुकलं. झगा तुम्ही जाळला नव्हतात."

मशीनवरचा पाय थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"ते सांगता येत नाही."

जाऊबाईंनी हळूच विचारलं, "ओरडलीस तिला?"

"कुणाला?" टीचर म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"बारा पायऱ्या आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "दोन वर्षं लागली तुला चढायला. जिन्यात बोललीस ते मी विसरलेले नाही."

"विसरू नका."

"बस. आलेच मी." त्या उठल्या आणि आतून खुर्ची घेऊन आल्या.

शनिवारी खरं पापनिवेदन होतं. मुलांची रांग चर्चच्या भिंतीकडेने लागली. धाकटी शेवटची, आणि तिच्या मागे येऊन टीचर उभी राहिली. पोरीने वळून पाहिलं.

"आई, तू पण?"

"हो."

"सरावाचं की खरं?"

"खरं."

धाकटीने क्षणभर विचार केला, बाजूला सरून आईला पुढे जागा करून दिली आणि तिचा हात धरून कुजबुजली, "घाबरू नकोस. आत कुणी ओरडत नाही."