मायचा खुबा आणि दारातली जीप

यातलं किती मला आठवतं आणि किती बहिणीनं सांगितलेलं, खात्री देत नाही. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं; पण मायचा डावा खुबा मोडला होता की उजवा, हे आज छातीठोकपणे सांगवत नाही. घरात चार माणसं जमली की विषय निघतो आणि दरवेळी एक किस्सा वाढतो!

आमच्या सावली गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासे धरायला गेलेली माय घसरली. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "घरी ठेवा, नाहीतर चंद्रपूरच्या पुनर्वसन केंद्रात. पण चालवा. पडून राहिल्या तर कायमच्या पडतील."

घरी आणताच अख्खा मोहल्ला भेटीला! कोणी मासळीचा रस्सा आणला, कोणी पाय चेपले. मायनं वॉकरला हात लावला की सगळे ओरडत, "बाई, पडून राय ना! आमी कायले हावो?" जीपवाला मारोतीभाऊ तर बराच वेळ तिच्या बाजेवर बसून होता.

*

दुसऱ्या दिवशी माझी आणि बहीण शकूची सभा. मी आधी केंद्राच्या बाजूनं बोललो, मग घराच्या.

"दादा, दोन्हीकडून तूच बोलून राह्यला! मी भांडू कोनासंग? घरीच ठेवू. लोक काय म्हनतीन?"

"तिला उचलेल कोण?"

"तू! पन तुले तं सिलिंडर नाई उचलत!"

माय भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेवटी केंद्र ठरलं. बघतो तर जीप दारात! मला वाटलं शकूनं बोलावली, तिला वाटलं मी.

निघताना माय मोहल्ल्यादेखत म्हणाली, "पोरगा नेऊन राह्यला, मी का करू!" झालं! तेव्हापासून गावात मी मायला घराबाहेर काढणारा पोरगा.

*

केंद्रात दोन दांड्यांमधून चालायचं होतं. माय अडली. "काम नाई, धंदा नाई, उगाच काऊन चालू?" मग पिशवीतून अर्धवट विणलेलं जाळं काढून फिजिओथेरपिस्टच्या हाती दिलं. "हे तिकडच्या टोकाले बांध. मी येतो विनाले."

आणि गेली! दात-ओठ खात, रोज.

बाकीचे पेशंट चिडवायचे, "बाई, मासे कवा?"

"पहिले पाय, मंग मासे!"

माय पुन्हा पाळीवर चढली. स्वतःच्या पायांनी.

*

तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा सावलीत मारोतीभाऊ भेटला. इतकी वर्षं मनात कुरतडत होतं ते विचारलं, "त्या दिवशी जीप कोणी सांगितली होती?"

"बाईनंच! आदल्या दिवशी. म्हने, 'लेकराइले भांडू दे, त्याइले बरं वाटते. तू जेवनं झाल्यावर जीप लाव.'"